पहिल्या पानाचे भाडे

बाजारपेठेत दुकान कोठे आहे याला, दुकानात काय आहे याइतकेच किंवा काकणभर अधिकच महत्त्व असते, हे दुकानदारी करणाऱ्याला पढवावे लागत नाही. चौकातल्या गाळ्याला पागडी का पडते आणि बोळाच्या टोकाच्या गाळ्याला भाडेकरू का मिळत नाही, याचे उत्तर तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधीत बसत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगाच्या व्यापाराचा मोठा भाग ज्या नव्या पेठेत गेला, तेथे रस्ते नाहीत आणि चौकही नाहीत. मोक्याची जागा मात्र आहे. ती म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्राने दाखविलेल्या यादीचे पहिले पान, आणि त्यातही त्या पानावरील वरच्या तीन-चार ओळी. ही जागा मिळविण्याची जी कारागिरी तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' किंवा धंद्याच्या भाषेत 'एसईओ' असे म्हणतात. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही ती शिकविणारे वर्ग निघाले आहेत, आणि वाणिज्य शाखेचे पदवीधर त्या वर्गांची फी भरून नोकरीची वाट पाहात आहेत.

ही कारागिरी आता संपली, अशी घोषणा त्या धंद्यातील जाणकारच अधूनमधून करीत असतात. गूगलने मे २०२४ पासून अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश यादीच्या डोक्यावर देण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून या घोषणांना विशेष जोर चढला आहे. प्रस्तुत लेखकाला ती घोषणा खरी वाटत नाही. एसईओ संपलेला नाही. त्यापासून लाभ कोणाचा व्हावयाचा, हे बदलले आहे. श्रमाने मिळणारी जागा आणि पैसे मोजून मिळणारी जागा, अशा दोन वाटा या पेठेत जवळजवळ आरंभापासून होत्या. पहिली वाट खुली होती तोवर दुसरीवरचा टोल काही एका मर्यादेत राहात असे. आज पहिली वाट अरुंद होत चालली आहे. तिचा भुर्दंड अखेरीस ज्यांनी जाहिरातीचा लिलाव हा शब्दही कधी ऐकलेला नाही, अशा ग्राहकांवर पडावयाचा आहे.

प्रथम या दोन वाटा कशा पडल्या, ते थोडक्यात पाहू. १९९५ च्या सुमारास अल्टाव्हिस्टासारखी जी शोधयंत्रे आली, ती मुख्यतः पानावरील शब्दांवरून पानाचा दर्जा ठरवीत. साहजिकच ज्याला वर यावयाचे तो आपल्या पानावर तोच शब्द शंभर वेळा लिही, आणि वाचकाच्या तो नजरेस येऊ नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी यावर तोड काढली. तीमागची कल्पना विद्वानांच्या जगातून आलेली होती. एखाद्या निबंधाची थोरवी तो स्वतःविषयी काय म्हणतो यावरून न ठरविता, इतर कोणत्या व किती निबंधांनी त्याचा आधार घेतला यावरून ठरवावी, हे तत्त्व युजीन गारफील्ड यांच्या उल्लेखसूचींनी कधीच रूढ केले होते. पेज आणि ब्रिन यांनी ते इंटरनेटवरील पानांना लावले. ज्या पानाकडे इतर प्रतिष्ठित पाने दुव्याने बोट दाखवितात, ते पान मोठे. १९९८ मधील त्यांच्या निबंधाला एक परिशिष्ट आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मूळ निबंधापेक्षा ते अधिक लक्षपूर्वक वाचावे. जाहिरातीच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराच्या बाजूला कलणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार, अशा आशयाचा इशारा या दोघांनीच तेथे दिला आहे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने आपल्या यादीशेजारी जाहिराती विकावयास काढल्या.

जागेचा लिलाव करण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हे. बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम' या शोधयंत्राने १९९८ मध्येच यादीतील क्रमांक बोली लावून विकले. विद्वज्जनांना तेव्हा हा प्रकार बाजारू वाटला, आणि तो होताही. परंतु एक गोष्ट आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. गोटूच्या यादीत प्रत्येक नावापुढे त्या व्यापाऱ्याने दर टिचकीमागे किती रक्कम देऊ केली आहे, ते सर्वांना दिसे. लिलाव होता, पण तो उघड होता. गूगलने २००२ पासून बोलीची पद्धत स्वीकारली तेव्हा हा उघडेपणा सोडून दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शोधयंत्रांना पत्रे धाडून, पैसे घेऊन दिलेली जागा ग्राहकाला स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, असे बजावले. काही वर्षे जाहिराती फिकट रंगाच्या पट्ट्यावर छापल्या जात, त्यामुळे फरक ध्यानात येई. २०१३ मध्ये तो रंग गेला आणि त्याच्या जागी एक छोटासा शिक्का आला. दुधाच्या भांड्यावर 'यात पाणी आहे' अशी चिठ्ठी लावावयाची, पण ती दरवर्षी थोडी लहान करावयाची, असा हा व्यवहार आहे.

आता श्रमाच्या वाटेविषयी. एसईओचा सज्जन भाग हा मुळात चांगल्या दुकानदारीचाच भाग आहे. ग्राहक 'आंबेमोहर तांदूळ' शोधीत असतो आणि विक्रेता आपल्या पानावर 'प्रीमियम ॲरोमॅटिक राइस' असे लिहून बसलेला असतो. त्याला ग्राहकाच्या तोंडचा शब्द वापरावयास सांगणे, पान झटकन उघडेल असे करणे, मथळा आणि मजकूर यांचा मेळ घालणे, दुसऱ्यांनी आपल्याकडे बोट दाखवावे इतके काही उपयुक्त त्यावर लिहिणे, यात गैर काहीच नाही. यात भांडवल लागत नाही, चिकाटी लागते. गूगलच्या उदयानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत अनेक लहान विक्रेत्यांनी मोठ्या पेढ्यांच्या शेजारी बसण्याची जागा मिळविली, ती याच बळावर.

परंतु बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन सल्लागार चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी जे सांगितले, ते येथे शब्दशः लागू पडले. एखादे माप जेव्हा नियंत्रणासाठी वापरले जाऊ लागते, तेव्हा ते माप म्हणून निकामी होते. दुव्यांवरून प्रतिष्ठा मोजावयाची म्हटल्याबरोबर दुवे विकत मिळू लागले. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे. २०१० च्या नाताळच्या हंगामात कपडे, अंथरुणे-पांघरुणे, गालिचे असे साधे शब्द शोधले तरी यादीत पहिले नाव या कंपनीचे येई. सॅमसोनाइट या नावाची प्रवासी बॅग शोधली, तर खुद्द सॅमसोनाइट कंपनीच्याही वर पेनीचे नाव येई. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छडा लावला, तेव्हा असे आढळले की, कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो पानांवर पेनीकडे नेणारे दुवे पेरून ठेवले होते. आपल्याला याची माहिती नव्हती, असे सांगून कंपनीने आपल्या एसईओ सल्लागारांना रजा दिली. गूगलने हाताने दुरुस्ती केली आणि काही तासांत काही शब्दांपुरते पेनीचे नाव पहिल्या क्रमांकावरून सत्तरीच्या घरात गेले.

या प्रकरणात लोकांना मौज वाटली ती लबाडी पकडली गेल्याची. खरा विचार करण्यासारखा भाग शिक्षेचा आहे. एक कंपनी दुसऱ्या कंपनीचे गिऱ्हाईक काही तासांत तोडू शकते. त्यासाठी नोटीस नाही, सुनावणी नाही, अपील नाही. पेनीसारखी बडी पेढी त्यातून सावरते. नोव्हेंबर २००३ मध्ये, अमेरिकेतील नाताळची खरेदी तोंडावर असताना, गूगलने आपल्या पद्धतीत एक मोठा बदल केला. त्या धंद्यात तो 'फ्लॉरिडा' या नावाने ओळखला जातो. त्यात कित्येक छोट्या विक्रेत्यांची नावे एकाएकी दिसेनाशी झाली, आणि त्यांतील सगळेच लबाड होते असे कोणीही म्हटलेले नाही. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये निकृष्ट मजकुराचे कारखाने चालविणाऱ्यांविरुद्ध 'पांडा', एप्रिल २०१२ मध्ये विकतच्या दुव्यांविरुद्ध 'पेंग्विन', अशा मोहिमा निघाल्या. नावे प्राणिसंग्रहालयातली असली तरी काम कोतवालाचे होते. हेतू योग्य होता, हे मान्य केलेच पाहिजे. भेसळ वाढली असती तर यादीवरचा विश्वास उडाला असता, आणि ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे वर्णन केले तेच येथे घडते. प्रश्न असा की, कोतवाल, न्यायाधीश आणि शेजारच्या गाळ्यांचा मालक हे तिघे एकच असावेत काय?

गाळ्यांच्या भाड्याची गोष्ट येथे येते. गूगलच्या लिलावात वरची जागा बोली आणि जाहिरातीचा 'दर्जा' यांच्या गुणाकारावर मिळते, आणि द्यावयाची रक्कम साधारणतः खालच्या स्पर्धकाच्या बोलीवरून ठरते. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या बोलीच्या लिलावाचे जे विवेचन केले, त्याच्याशी याचे वरवर साम्य आहे. विक्री यांच्या लिलावात आपल्या मनातील खरी किंमत सांगणे हेच प्रत्येकाच्या हिताचे असते. येथे तसे नाही, हे एडेलमन, ऑस्ट्रोव्हस्की आणि श्वार्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त दाखवून दिले. बोली लावणाऱ्याला सदैव इतरांचा अंदाज घेत राहावे लागते. त्यातही दर्जा ठरविणार मालक, आणि त्याचे पूर्ण गणित मालकाच्याच खिशात.

रिकार्डोचा भाडेसिद्धान्त आपण बी.ए.च्या वर्गात शिकवितो. धान्य महाग आहे म्हणून जमिनीला भाडे येते. भाडे आहे म्हणून धान्य महाग होत नाही. ऑनलाइन जागेच्या भाड्याविषयीही असेच म्हणता येईल काय? माझ्या मते नाही, आणि कारण साधे आहे. जमिनीचा खंड वर्षाचा ठरलेला असतो. एक पोते अधिक पिकले म्हणून तो वाढत नाही. टिचकीचे पैसे मात्र प्रत्येक येणाऱ्या गिऱ्हाईकामागे द्यावे लागतात. तो विक्रेत्याचा चल खर्च आहे, सीमान्त खर्चात तो पूर्णपणे मोडतो आणि म्हणून तो किमतीत उतरतो. दहा जणांनी टिचकी मारून एकाने माल घेतला, तर त्या एकाच्या बिलात दहा टिचक्या असतात. २०२४ या एका वर्षात गूगलला शोधाशी निगडित जाहिरातींपासून सुमारे १९८ अब्ज डॉलर मिळाले. हा पैसा जाहिरातदारांनी दिला असे ताळेबंदात दिसते. तो कोणाकोणाच्या खिशातून निघाला, ते ताळेबंदात दिसत नाही.

या भाड्याचा सर्वांत विचित्र प्रकार म्हणजे स्वतःच्या नावाचे भाडे. ग्राहक एखाद्या पेढीचे नावच टाइप करून शोधतो. यादीच्या वर मात्र तिच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात येते, कारण त्याने ते नाव बोलीत घेतलेले असते. मग त्या पेढीलाही स्वतःचे नाव विकत घ्यावे लागते. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावासंबंधीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्णय दिला. दुसऱ्याची व्यापारमुद्रा शोधशब्द म्हणून वापरणे हे आपोआप उल्लंघन ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. परंतु या शब्दांची विक्री करण्यात गूगलचा सक्रिय सहभाग असतो, आणि ग्राहकाची दिशाभूल होऊन उल्लंघन झाले तर आपण केवळ मध्यस्थ आहोत असा बचाव त्या कंपनीला घेता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधयादीतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला होता. विमानाच्या तिकिटांचा शोध घेणाऱ्यासमोर स्वतःची चौकट ठळक जागी मांडणे, हा त्यातील एक मुद्दा होता. गाळ्यांच्या मालकानेच चौकात स्वतःचे दुकान थाटले, असा त्याचा अर्थ.

इतके सगळे असूनही एक तडजोड टिकून होती. शोधयंत्र सर्वांची पाने फुकट वाचून नेई आणि मोबदल्यात वाचक पाठवी. लिहिणाऱ्याला वाचक मिळे, त्यातून कोणाची जाहिरात चाले, कोणाचा माल खपे. हा करार कोठे लिहिलेला नव्हता, पण त्याच्यावर सारी पेठ उभी होती. सारांशामुळे नेमका तो मोडला आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. तासगावचा एक बेदाणा उत्पादक आपल्या पानावर द्राक्षे सुकविण्याची रीत, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात ती का बुडवितात, हिरवा आणि पिवळा बेदाणा यांत फरक काय, साठवण कशी करावी, हे सविस्तर लिहितो. ग्राहक ते वाचावयास येतो, विश्वास बसतो आणि जाताना पाच किलोची मागणी नोंदवितो. आता तो प्रश्न विचारला की, उत्तर यादीच्या वरच मिळते; त्या उत्तरातील ज्ञान आमच्या तासगावकराचे असेल, पण ग्राहक त्याच्या दारी येत नाही. त्याने फार तर असे म्हणावे की, लिहिण्यात वेळ घालविण्यापेक्षा तो पैसा बोलीत घालावा. असे शंभर जणांनी म्हटले की सारांश करावयास मजकूर उरत नाही. आणि उरतो तो ज्याला काही विकावयाचे आहे त्याने लिहविलेला.

हे केवळ तर्कट आहे असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये सुमारे ९०० प्रौढांच्या प्रत्यक्ष शोधांची पाहणी केली. ज्या शोधात सारांश आला नाही, तेथे १५ टक्के वेळा लोकांनी यादीतील एखादा दुवा उघडला. जेथे सारांश आला, तेथे हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. आणि सारांशात आधार म्हणून दिलेले दुवे उघडणारे अवघे १ टक्का. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेग या कंपनीने, सारांशांमुळे आपले वाचक तुटले, असा दावा गूगलविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात लावला. विद्यार्थ्यांचे गृहपाठ सोडवून देणाऱ्या कंपनीविषयी शिक्षकाच्या मनात फारशी सहानुभूती नसते, हे कबूल; पण तिचा युक्तिवाद वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वस्तूंची परीक्षणे लिहिणारी छोटी संकेतस्थळे यांनाही तितकाच लागू पडतो. मजकूर सारांशासाठी देऊ नये असे वाटले, तर तेवढेच नाकारण्याची सोय नीट नाही. सारांशाला मजकूर नाकारावा तर यादीतील आपल्या नावाखालचा परिचयही जातो, आणि जेथे बसायला गाळा एकच आहे तेथे असे नकार कोण देणार? ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शोधाच्या क्षेत्रात गूगलला विशेष देखरेखीखाली आणले, त्यामागे या प्रश्नाची जाणीव आहे.

मजकूर कोणाच्या पैशाने तयार व्हावा, याला आपल्याकडे एक जुने उत्तर आहे. मराठी विश्वकोश शासनाच्या खर्चाने तयार झाला आणि आज तो इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्याचे पोट टिचक्यांवर नाही, म्हणून सारांशाने ते जाळले जात नाही. परंतु बेदाण्याच्या प्रतवारीपासून पंपाच्या दुरुस्तीपर्यंतचे सगळे व्यवहारज्ञान विश्वकोशात येणार नाही, आणि यावे असेही नाही.

दरम्यान, एसईओवाल्यांनी नव्या यजमानाची सेवा सुरू केली आहे. यादीत वर येण्याऐवजी सारांशात नाव यावे, यासाठी जी खटपट, तिला आता नवे नाव मिळाले आहे. वर्ग चालविणाऱ्यांनी पाटीही बदलली आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीची आय.आय.टी. येथील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, मजकुरात अवतरणे, आकडे आणि आधार पेरले, तर कृत्रिम उत्तरांत त्या मजकुराची दखल घेतली जाण्याचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे आढळले. संशोधकांचा हेतू शुद्ध होता. पण गुडहार्ट यांचे म्हणणे आठवत असेल, त्याला पुढचे चित्र दिसू लागेल. पूर्वी शब्द पेरीत, मग दुवे पेरू लागले, आता आकडे आणि आधार पेरले जातील. आणि पांढऱ्यावर पांढरे लिहिण्यापेक्षा हे अधिक घातक, कारण खोटा आकडा वाचकाला दिसतो आणि खरा वाटतो. शिवाय यादीत दहा नावे असत. ग्राहक वरच्या दोघांवर विश्वास नसेल, तर तिसऱ्याकडे जाई. सारांशाचा सूर निकालाचा असतो. तेथेही भाडे सुरू झाले आहेच: या सारांशांना लगटून जाहिराती देण्यास गूगलने अमेरिकेत २०२४ मध्ये आरंभ केला.

यावर काही जण सांगतात की, बाजार मुक्त आहे, ज्याला परवडत नाही त्याने दुसरीकडे जावे. दुसरीकडे म्हणजे कोठे? ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी, गूगलने शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकविली, असा निर्णय दिला. आयफोनवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे, यासाठी एका २०२२ सालात ॲपल कंपनीला २० अब्ज डॉलर दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलच्या जाहिरात विभागाच्या अधिकाऱ्याने साक्षीत कबूल केले की, जाहिरातींचे दर पाच टक्क्यांपर्यंत वाढतील असे फेरफार कंपनी लिलावात करीत असे आणि जाहिरातदारांना ते सांगत नसे. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी २० अब्जांचा मथळा केला असता तर नवल नव्हते. माझ्या मते ही साक्ष त्याहून महत्त्वाची आहे. बोली लावणाऱ्याला वाटते की, दर त्याच्या स्पर्धकाने चढविला. तो चढविला होता लिलाव पुकारणाऱ्याने. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजनेचा निकाल देताना न्यायालयाने एकाधिकाराचे करार रोखले, काही माहिती स्पर्धकांना देण्यास सांगितले. कंपनीचे तुकडे मात्र केले नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या धान्य-कापूस बाजारांत 'हत्ता' पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे पाहात राही. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३९ साली. या कायद्यांनी उभ्या केलेल्या बाजार समित्यांत पुढे काय काय शिरले, तो स्वतंत्र आणि दुःखद विषय आहे. पण उघड लिलाव, प्रमाणित काटा आणि विक्रीनंतर हातात पडणारी पट्टी, या तीन गोष्टी नियमित बाजाराच्या कल्पनेतून शेतकऱ्याला मिळाल्या. शोधयंत्रापुढे उभा असलेला आजचा छोटा विक्रेता अजून रुमालाकडेच पाहात आहे.

क्रमवारीचे संपूर्ण सूत्र जाहीर करा, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. ते जाहीर झाले तर दुसऱ्याच दिवशी भेसळवाले त्याचा फडशा पाडतील. काटा कसा बनवितात हे ग्राहकाला ठाऊक असण्याची गरज नसते. वैधमापन खात्याच्या निरीक्षकाने तो तपासून शिक्का मारावा लागतो. क्रमवारीची अशी तपासणी त्रयस्थाकडून होऊ शकते. यादीतून काढले गेलेल्या विक्रेत्याला कारण आणि दाद मागण्याची जागा मिळू शकते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात बड्या कंपन्यांवर आगाऊ बंधने घालण्याची कल्पना आहे. परंतु त्याचा कायदा करण्याची घाई सरकारने दाखविलेली नाही. उलट ऑनलाइन जाहिरातींवरील सहा टक्क्यांची समतुल्यता आकारणी, जी २०१६ मध्ये लावण्यात आली होती, ती १ एप्रिल २०२५ पासून रद्द करण्यात आली. ही आकारणी कंपन्यांऐवजी बव्हंशी जाहिरातदारांकडूनच वसूल होत होती, तेव्हा तिच्या जाण्याचा शोक करण्याचे कारण नाही. तिच्या जागी काही आले नाही, एवढेच खटकते.

विधेयकाची वाट न पाहताही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. स्पर्धा कायदा २००२ अन्वये आयोगाला चौकशीअंती गैरवापर आढळल्यास व्यवहाराची रीत बदलण्याचा आदेश देता येतो. जाहिरातीच्या प्रत्येक बिलासोबत बाजार समितीच्या पट्टीसारखी पट्टी द्यावी, असा आदेश त्याला देता येईल: टिचक्या किती, खालच्या बोलीवरून निघालेला दर किती, 'दर्जा'मुळे त्यात पडलेला फरक किती, आणि लिलावकर्त्याने स्वतःच्या नियमांनी चढविलेली रक्कम किती. हे चारही आकडे शोधयंत्राच्या संगणकात दर टिचकीला तयार असतात. ते विक्रेत्याच्या हाती द्यावयास कागददेखील लागत नाही.